दोन उपग्रह एकाच वाळूकडे बघतात, तरी आकडे वेगळे का येतात?

प्रश्न असा आहे: लँडसॅट ८ आणि सेंटिनेल-२ या पृथ्वीच्या प्रतिमा घेणाऱ्या उपग्रहांनी एकाच दिवशी, अर्ध्या तासाच्या आत टिपलेल्या वाळवंटाच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या. तरंगलांबीच्या लाल पट्ट्यात दोघांची परावर्तकता (पडलेल्या उजेडापैकी किती परत फेकला जातो ते प्रमाण) जवळजवळ जुळते, पण नजीकच्या अवरक्त पट्ट्यात सेंटिनेल चांगला पाच टक्के कमी दाखवतो. यातला कोणता सेन्सर चुकतोय? आणि कक्षेत फिरणाऱ्या सेन्सरांचं कॅलिब्रेशन (आकडे प्रमाणाशी जुळवणं) एकमेकांशी ताडून पाहायची रीत कोणती?

आधी थेट उत्तर देतो. बहुतेक दोन्हीही चुकत नाहीत. तुम्ही सेंटिनेलचा बी-८ पट्टा घेतला असणार. त्याऐवजी बी-८ए घेऊन हिशेब पुन्हा करा, बराचसा फरक तिथेच विरघळेल.

कारण समजून घेण्यासारखं आहे. लँडसॅट ८ चा नजीकचा अवरक्त पट्टा अरुंद आहे, साधारण ०.८५ ते ०.८८ मायक्रोमीटर. सेंटिनेलचा बी-८ मात्र ०.७८ पासून ०.९० पर्यंत पसरलेला आहे आणि त्याच्या पोटात ०.८२ मायक्रोमीटरच्या आसपास पाण्याच्या वाफेचा शोषणपट्टा बसलेला आहे. हवेत वाफ असली की बी-८ कडे येणारा थोडा प्रकाश वाटेतच खाल्ला जातो. लँडसॅट ८ ची खिडकी त्या शोषणाच्या पलीकडे आहे, म्हणून त्याला फारशी झळ लागत नाही. लँडसॅट ७ चा पट्टा असाच रुंद होता, ०.७७ ते ०.९०, आणि लँडसॅट ८ घडवताना तो मुद्दाम अरुंद केला त्यामागे हेच कारण होतं. बी-८ए साधारण ०.८५५ ते ०.८७५ इतकाच आहे, म्हणून तो लँडसॅट ८ चा खरा जोडीदार.

माझे स्वतःचे तीन आठवडे या वाफेने खाल्ले आहेत. दोन सेन्सरमधला फरक उन्हाळ्यात वाढायचा आणि हिवाळ्यात ओसरायचा. आम्ही डिफ्यूझरवर, म्हणजे उपग्रहावरच्या संदर्भपाटीवर संशय घेतला, डिटेक्टरच्या तापमानाच्या नोंदी चाळल्या, सूर्याच्या कोनाची दुरुस्ती दोनदा तपासली. शेवटी एका सहकाऱ्याने गुणोत्तराचा आलेख तारखेऐवजी हवेतल्या वाफेच्या प्रमाणासमोर काढला आणि सगळे ठिपके एका तिरप्या रेषेवर येऊन बसले. तेव्हापासून कुठलाही फरक दिसला की मी तो तीन-चार गोष्टींसमोर मांडून बघतो आणि मगच सेन्सरकडे बोट दाखवतो.

या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. दोन सेन्सरमधला फरक हाती लागला म्हणजे कॅलिब्रेशनची चूक हाती लागली असं होत नाही. त्या फरकातून हिशेबाची तफावत, पट्ट्यांची तफावत, कोनांची तफावत आणि वेळेची तफावत वजा करत जायचं. शेवटी जे उरेल तेवढंच कॅलिब्रेशनच्या नावावर टाकता येतं.

हिशेबापासून सुरुवात करा, कारण सगळ्यात मोठे आकडे तिथेच फसतात. सेंटिनेल-२ च्या लेव्हल-१सी (वातावरणाची दुरुस्ती न केलेल्या) प्रतिमेत पिक्सेलची किंमत १०,००० ने भागली की परावर्तकता मिळायची. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू झाली आणि किमतींमध्ये १,००० ची भर पडली. हेतू चांगला होता, गडद पृष्ठभागावरच्या शून्याखाली जाणाऱ्या किमती कापल्या जाऊ नयेत म्हणून. पण ज्याची आज्ञावली जुनी आहे त्याचं काय होतं बघा. पिक्सेल ४,००० आहे, खरी परावर्तकता ०.३०, आणि त्याच्या हाती येतात ०.४०. समुद्राच्या पाण्यावर ०.०३ च्या जागी ०.१३. अशी चूक ओळखायची खूण म्हणजे दोन सेन्सरचा विखुरलेला आलेख काढायचा. रेषेचा उतार १ आहे पण ती मूळबिंदूतून जात नसेल, तर गडबड ऑफसेटची, म्हणजे सगळ्या किमतींत पडलेल्या सारख्या भरीची. रेषा मूळबिंदूतून जाते पण उतार १ नाही, तर गेनची, म्हणजे सगळ्या किमतींना लागलेल्या सारख्या गुणकाची. म्हणूनच फक्त उजळ वाळवंटावर तुलना करू नका. तिथे ऑफसेट आणि गेन एकमेकांत मिसळून जातात. एखादं गडद लक्ष्य सोबत हवंच.

लँडसॅटची खोच वेगळी आहे. कलेक्शन-२ च्या लेव्हल-१ मध्ये पिक्सेलला ०.००००२ ने गुणून ०.१ वजा केलं की मिळणारी परावर्तकता सूर्याच्या उंचीसाठी दुरुस्त केलेली नसते. ती सूर्याच्या उन्नतांशाच्या (क्षितिजापासूनच्या कोनाच्या) साइनने तुम्हाला भागावी लागते. पिक्सेल २०,००० असेल तर ०.३० येतात, सूर्य ५५ अंशांवर असेल तर खरं उत्तर साधारण ०.३६६. सेंटिनेलच्या लेव्हल-१सी मध्ये मात्र ही दुरुस्ती आधीच झालेली असते. लँडसॅटची केली आणि सेंटिनेलचीही पुन्हा केली, किंवा लँडसॅटचीच राहून गेली, असं दोन्ही मी पाहिलं आहे.

आणि तुलना परावर्तकतेतच करा, तेजस्वितेत (सेन्सरपर्यंत पोहोचलेल्या उजेडाच्या मापात) नको. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर असते, एवढ्याने वरून येणाऱ्या उजेडात सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय तेजस्वितेवरून परावर्तकतेकडे जाताना सूर्याचा वर्णपट लागतो आणि वेगवेगळ्या मोहिमांनी वेगवेगळे वर्णपट वापरले आहेत. २०२२ मध्ये पृथ्वीनिरीक्षण उपग्रहांच्या समितीने, म्हणजे सिऑसने, टीसिस-१ उपकरणाच्या मोजमापावर आधारलेला वर्णपट संदर्भ म्हणून वापरायची शिफारस केली. तोपर्यंतच्या डेटात मात्र जुनी सरमिसळ आहेच. लँडसॅट ८, सेंटिनेल-२ आणि मोडिस (टेरा आणि अॅक्वा या उपग्रहांवरचं उपकरण) यांच्या अंगावर सूर्यप्रकाश झेलणारा पांढरा डिफ्यूझर असल्याने त्यांची परावर्तकता थेट त्याच्याशी जोडलेली आहे. ती साखळी आखूड, म्हणून अधिक भरवशाची.

आता पट्ट्यांची तफावत. बी-८ए घेतल्यावरही दोन सेन्सरांचे प्रतिसादवक्र (कुठल्या तरंगलांबीला सेन्सर किती प्रतिसाद देतो ते) तंतोतंत सारखे नसतात. म्हणून लक्ष्याचा सलग वर्णपट घ्यायचा, तो दोन्ही वक्रांतून गाळायचा आणि मिळालेल्या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढायचं. यालाच पट्टा-जुळवणी गुणक म्हणतात. वर्णपट कुठून आणायचा? पूर्वी ईओ-१ वरचा हायपेरियन आणि एन्व्हिसॅटवरचा स्कायामाची या वर्णपटमापकांवर भिस्त असायची. आता प्रिझ्मा, एनमॅप आणि अंतराळस्थानकावर २०२२ मध्ये बसवलेला एमिट हे पर्याय आहेत. एक गोष्ट मात्र घट्ट लक्षात ठेवा, हा गुणक लक्ष्यागणिक बदलतो. वाळूसाठी काढलेला गुणक जंगलावर लावला तर लाल आणि अवरक्त यांच्यामध्ये झाडांची परावर्तकता जिथे एकदम चढते, तिथे तो तुम्हाला भलतीकडे घेऊन जाईल. वाफ बदलली की वरच्या वातावरणातून दिसणारा वर्णपटही बदलतो, त्यामुळे एका दिवशीचा गुणक वर्षभर वापरायचा तर त्याची अनिश्चितता मोजून सोबत ठेवा.

कोनांकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. लँडसॅट जमिनीची १८५ किलोमीटर रुंद पट्टी टिपतो, म्हणजे दृष्टी उभ्या रेषेपासून सुमारे साडेसात अंश इकडे-तिकडे. सेंटिनेल-२ ची २९० किलोमीटर, म्हणजे दहा अंशांच्या थोडं वर. मोडिस तर ५५ अंशांपर्यंत बघतो. वाळूच्या टेकड्यांना सूर्याकडची बाजू आणि सावलीची बाजू असते, त्यामुळे तीच टेकडी पूर्वेकडून पाहिली तर उजळ आणि पश्चिमेकडून पाहिली तर मंद दिसू शकते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सेंटिनेल-२ चीच एखादी वाळवंटी प्रतिमा ताणून बघा. त्याचे १२ डिटेक्टर एकाआड एक थोडे पुढे-मागे बसवलेले आहेत, म्हणून शेजारचे दोन डिटेक्टर जमिनीकडे किंचित वेगळ्या कोनातून बघतात. कॉन्ट्रास्ट वाढवला की उभे पट्टे दिसू लागतात. उपकरण एक, क्षण जवळपास एक, कॅलिब्रेशन एक, आणि तरी आकडे वेगळे. एकाच उपकरणात हे होतं, तर दोन वेगळ्या उपग्रहांत किती होईल याची कल्पना यावरून करा. म्हणून तुमच्या जोड्यांमधल्या दोन्ही उपग्रहांचे दृष्टिकोन (बघण्याचे कोन) आणि दिगंश (बघण्याची दिशा) नोंदवा आणि शक्य तिथे ते जवळपास सारखे असलेल्याच जोड्या ठेवा. संख्या कमी झाली तरी चालेल.

पिक्सेल-पिक्सेल तुलना टाळा. दोन प्रतिमा अर्धा पिक्सेल सरकलेल्या असल्या तरी टेकडीच्या कडेवर मोठा फरक येतो. मी काही किलोमीटरचा सलग चौकोन घेतो आणि सरासरी काढतो. ढग, ढगांची सावली आणि उडालेली धूळ आधी गाळतो. धूळ फसवी असते, प्रतिमेत दिसत नाही पण निळ्या पट्ट्यात आपली उपस्थिती सांगून जाते.

इतकं करून जे उरतं त्याच्याकडे आता सेन्सरची गोष्ट म्हणून बघता येतं. इथे रीती अनेक आहेत.

सर्वांत निर्मळ रीत म्हणजे दोन उपग्रहांना एकमेकांच्या मागेपुढे किंवा वरखाली उडवणं. मार्च २०१३ च्या शेवटी लँडसॅट ८ आपल्या कायमच्या जागी जाताना लँडसॅट ७ च्या खालून गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये लँडसॅट ९ असाच लँडसॅट ८ च्या खालून गेला. सेंटिनेल-३ च्या बाबतीत तर २०१८ मध्ये काही महिने ए आणि बी हे दोघे अवघ्या ३० सेकंदांच्या अंतराने एकाच वाटेवरून गेले. ३० सेकंदांत सूर्य हलत नाही, धूळ हलत नाही, ढगसुद्धा फारसे हलत नाहीत. जंगल, बर्फ, समुद्र, वाळू, सगळ्यांवर एकाच वेळी तुलना होते, म्हणून ऑफसेट, गेन आणि पट्ट्यांची तफावत वेगवेगळी सोडवता येते. नव्या मोहिमेचं नियोजन करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती असते की इंधनाच्या हिशेबात या काही दिवसांची तरतूद करा. ही संधी फक्त सुरुवातीला मिळते आणि पुढच्या सगळ्या कालमालिका तिच्यावर उभ्या राहतात.

ज्यांना ही सोय नाही त्यांच्यासाठी स्थिर वाळवंटं आहेत. सिऑसने सहा ठिकाणं निवडली आहेत: लिबिया-४, लिबिया-१, अल्जेरिया-३, अल्जेरिया-५, मॉरिटानिया-१ आणि मॉरिटानिया-२. त्यातलं लिबिया-४ सगळ्यांचं आवडतं, लँडसॅटच्या जाळ्यात मार्ग १८१, ओळ ४०. तिथे झाडं नाहीत, पाऊस जवळजवळ नाही, आकाश बहुधा मोकळं. एकेका दिवसाच्या निरीक्षणात दोन-तीन टक्क्यांचा विखुरलेपणा असतो, पण वर्षानुवर्षं साठवलं की सेन्सरची हळूहळू होणारी घसरण त्यातून वर येते.

ही घसरण पकडणं किती गरजेचं आहे याचं उदाहरण टेरावरच्या मोडिसने दिलं. हा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये अवकाशात गेला. काही वर्षांनी निळ्या आणि जांभळ्या पट्ट्यांत त्याच्या फिरत्या आरशाची आणि डिटेक्टरची एकत्रित संवेदनशीलता कमी होत गेली आणि ती आरशाच्या प्रत्येक कोनाला सारखी कमी झाली नाही. डिफ्यूझर एकाच कोनातून बघितला जातो, चंद्र दुसऱ्या एका कोनातून. मधल्या कोनांवर काय चाललंय ते डिफ्यूझरला कळायचा मार्ग नव्हता. डेटाच्या पाचव्या संग्रहात त्याचा परिणाम वनस्पती-निर्देशांकापर्यंत झिरपला आणि काही प्रदेशांत हिरवाई घटत असल्याचं दिसलं, जेव्हा घटत होती उपकरणाची नजर. सहाव्या संग्रहात वाळवंटांवरच्या निरीक्षणांच्या आधारे कोनागणिक दुरुस्ती झाली. त्या काळात पाचव्या संग्रहावर अभ्यास करणाऱ्यांची काही चूक नव्हती. म्हणून मला हे काम नुसतं तांत्रिक वाटत नाही. जंगल वाळतंय की आरसा मंदावतोय, हे वेगळं करून सांगणं आपल्याच हातात असतं.

यातून एक सावधानता निघते. ज्या सेन्सरचं कॅलिब्रेशन वाळवंटांवरून दुरुस्त झालं आहे, त्याची परीक्षा पुन्हा त्याच वाळवंटांवर घेऊ नका. उत्तर आधीच पेरलेलं आहे, तेच उगवणार. तिथे दुसरा साक्षीदार हवा.

दुसरा साक्षीदार म्हणून चंद्र उत्तम. त्याच्या पृष्ठभागाच्या उजेडात एक टक्क्याचा फरक पडायलाही लाखो वर्षं लागतील. वातावरण नाही, ऋतू नाहीत. सीविफ्स हा समुद्राच्या रंगाचा सेन्सर दर महिन्याला सुमारे सात अंशांच्या कलेवर (सूर्य, चंद्र आणि उपग्रह यांच्यातल्या कोनावर) चंद्राकडे वळवला जायचा आणि त्यातून त्याची घसरण अतिशय बारकाईने मोजली गेली. मोडिस चंद्र बघतो तो सुमारे ५५ अंशांच्या कलेला. फ्लॅगस्टाफच्या दुर्बिणींवरून घेतलेल्या निरीक्षणांतून जे चंद्राचं प्रारूप तयार झालं, ते बदल सांगण्यात फार तरबेज आहे, पण चंद्र नेमका किती तेजस्वी हे सांगताना त्यात पाच ते दहा टक्क्यांची अनिश्चितता आहे. म्हणून सेन्सर कालच्यापेक्षा बदलला का हे चंद्राला विचारा, सेन्सर खरा किती अचूक आहे हे विचारू नका. दोन सेन्सरांनी सारख्याच कलेवर चंद्र पाहिला असेल तर मात्र प्रारूपाची चूक दोघांच्या वजाबाकीत कटते. या दुहेरी वजाबाकीची युक्ती जिथे दोन उपग्रह एकमेकांना कधीच भेटत नाहीत तिथे फार कामाची आहे.

उष्णकटिबंधातले उंच गडगडाटी ढग हीसुद्धा एक पद्धत. त्यांचे माथे वाफेच्या वर असतात आणि दृश्य पट्ट्यात ते जवळजवळ सारखे पांढरे असतात. हजारो ढगांची आकडेवारी लागते, एकेका ढगावर विसंबता येत नाही.

ध्रुवाजवळ दोन उपग्रहांच्या वाटा जिथे छेदतात तिथल्या एकाच वेळच्या निरीक्षणांची पद्धतही खूप वापरतात. सकाळी जाणारा एक आणि दुपारी जाणारा दुसरा असे दोन उपग्रह विषुववृत्तावर एकमेकांना भेटत नाहीत, पण वरच्या अक्षांशांवर काही मिनिटांच्या अंतराने भेटू शकतात. अडचण अशी की तिथे सूर्य खाली असतो, खाली बर्फ असतो आणि अवरक्तात सगळं थंड. तिथे जुळलेला सेन्सर उष्ण जमिनीवरही जुळेल असं गृहीत धरू नका.

औष्णिक अवरक्ताबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथलं चित्र बरंच स्वच्छ आहे. मेटॉप या हवामान उपग्रहावरचा इयासी हा वर्णपटमापक ८,४६१ वाहिन्यांमध्ये वर्णपट मोजतो. त्यामुळे कुठल्याही भूस्थिर उपग्रहाच्या पट्ट्याचा प्रतिसादवक्र घेऊन इयासीचा वर्णपट त्यातून गाळला की पट्ट्यांच्या तफावतीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. २००५ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि हवामान उपग्रहांच्या समन्वय गटाने सुरू केलेली जीसिक्स ही व्यवस्था याच पायावर चालते आणि भारताच्या इन्सॅट मालिकेचीही अशी तुलना होते. फक्त वेळेकडे लक्ष असू द्या. इयासी सकाळ-रात्री साडेनऊच्या आसपास येतो. मध्यरात्रीच्या सुमारास सूर्य पृथ्वीच्या कडेवरून भूस्थिर उपकरणाच्या तोंडात डोकावतो, आतले भाग तापतात आणि ब्लॅकबॉडीवरचं (उपकरणातल्या ज्ञात तापमानाच्या काळ्या संदर्भावरचं) कॅलिब्रेशन हलतं. ती चूक साडेनऊला दिसत नाही. तिच्यासाठी रात्री दीडला जाणारा क्रिस किंवा, जुन्या डेटासाठी, एअर्स असा वर्णपटमापक लागतो.

मग मूळ प्रश्न, बरोबर कोण? दोघे जुळले म्हणजे दोघे खरे, असं नसतं. खरेपणासाठी जमिनीवरचा, प्रमाणाशी जोडलेला संदर्भ लागतो. रॅडकॅलनेट या जमिनीवरच्या केंद्रांच्या जाळ्यातली नेवाडातली रेलरोड व्हॅली, फ्रान्समधलं ला क्रो, नामिबियातलं गोबाबेब आणि चीनमधलं बाओटो ही ठिकाणं जमिनीवरची स्वयंचलित मोजमापं आणि त्यावरून काढलेली वातावरणाच्या माथ्यावरची परावर्तकता दर अर्ध्या तासाला, अनिश्चिततेसह देतात. ती वापरा. आणि आकडे वाचताना अनिश्चितता जोडून वाचा. लँडसॅट ८ ची परावर्तकतेची अपेक्षित अनिश्चितता तीन टक्के, सेंटिनेल-२ ची ठरलेली मर्यादा पाच टक्के आणि उद्दिष्ट तीन. तीन आणि पाच यांच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढलं तर साधारण ५.८ येतात. म्हणजे तुमचा पाच टक्क्यांचा फरक पट्ट्यांच्या कारणाशिवायही या मर्यादेत बसला असता. प्रत्यक्षात हे दोघे याहून बरेच जवळ जुळतात, म्हणूनच तुमच्या आकड्याने मला आधी बी-८ ची आठवण झाली.

आता तुम्ही काय करावं ते सांगतो. लिबिया-४ वरच्या दोन-तीन वर्षांच्या निरभ्र जोड्या गोळा करा, बी-८ए घ्या, प्रक्रियेची आवृत्ती प्रत्येक जोडीसमोर लिहा. गुणोत्तर काढून ते तारखेसमोर, वाफेसमोर आणि दृष्टिकोनातल्या फरकासमोर असे तीन आलेख मांडा. वाफेसमोर तिरपी रेषा आली तर पट्टा-जुळवणीत कसर आहे. दृष्टिकोनासमोर आली तर वाळूच्या टेकड्या बोलत आहेत. तारखेसमोर हळूहळू घसरण दिसली तर चंद्र किंवा ढगांवरून ती पडताळून बघा, आणि एकदम पायरी दिसली तर त्या दिवशी आवृत्ती बदलली होती का ते आधी पाहा. तिन्ही रेषा आडव्या राहूनही गुणोत्तर एकापासून दोन टक्क्यांहून अधिक दूर असेल, तर मात्र तुमच्या हाती खरंच काहीतरी लागलं आहे. ते दोन्ही मोहिमांच्या कॅलिब्रेशन गटांना जोड्यांच्या यादीसकट कळवा. तोवर गुणक स्वतःच्या प्रतिमांत मिसळून टाकू नका. मूळ आकडे जसेच्या तसे ठेवा आणि गुणक वेगळ्या फाइलमध्ये, काढल्याच्या तारखेसह आणि ज्या लक्ष्यावरून काढला त्या नावासह जपा.